कंसातले नाव

दांझिग शहरी वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्या गेओर्ग कार्ल बेरेंट ह्या गृहस्थांनी बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर सापडणारे अंबर आयुष्यभर निष्ठेने जमा केले; त्यात अडकलेल्या कीटकांचे व अष्टपादांचे शास्त्रशुद्ध वर्णन व्हावे म्हणून बव्हेरियाच्या वनखात्यातील अधिकारी आणि कोळ्यांचे नामांकित अभ्यासक कार्ल लुडविग कोख ह्यांना आपल्या कार्यात सामील करून घेतले; आणि ग्रंथ छापून हाती येण्यापूर्वीच, १८५० साली, त्यांचे देहावसान झाले. पुढे दांझिगमधलेच एक शिक्षक आन्टोन मेंगे ह्यांनी त्या हस्तलिखिताला आपल्या टिपांची जोड दिली आणि १८५४ मध्ये तो ग्रंथ बर्लिनला प्रसिद्ध झाला. बेरेंट ह्यांचा तो संग्रह आज बर्लिनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. त्यातले आणि तशाच इतर संग्रहांतले खडे सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन, त्यांत बंदिस्त झालेल्या एका विशिष्ट प्राण्याची जुनी ओळख पुन्हा पडताळून पाहणे आणि ज्यांना अद्याप ओळखच मिळालेली नाही त्यांना ती मिळते का हे शोधणे, ह्या कामात माझ्या उमेदीची वर्षे गेली, आणि ती फार समाधानात गेली.

तो प्राणी म्हणजे हार्वेस्टमन. शास्त्रीय वर्गीकरणात त्याचा ओपिलिओनीस हा स्वतंत्र गण आहे आणि त्यात आज साडेसहा हजारांहून अधिक जिवंत जाती गणल्या जातात. तरीही पाहणारा सामान्य माणूस त्याला कोळीच समजतो. आठ पाय ही दोघांची समाईक मिळकत खरी, पण साम्य बहुतांशी तिथेच आटोपते. कोळ्याच्या शिरोवक्षाच्या व उदराच्या मध्ये एक बारीक कंबर असते. हार्वेस्टमनचे दोन्ही भाग एकमेकांना पूर्ण रुंदीने जोडलेले असल्यामुळे त्याचे शरीर एकसंध, पुष्कळदा वाटाण्याएवढे किंवा त्याहूनही लहान दिसते. त्याच्याजवळ विष नाही आणि रेशीमही नाही, त्यामुळे जाळे विणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. बहुतेकांचे दोन डोळे पाठीच्या पुढच्या भागावरील एका लहानशा उंचवट्यावर, एक डावीकडे आणि एक उजवीकडे तोंड करून बसवलेले असतात. पायांची दुसरी जोडी सर्वांत लांब असते आणि चालताना तो तिने पुढची जमीन चाचपीत जातो. संकट आले म्हणजे शरीराच्या कडेवरील ग्रंथींतून उग्र वासाचा द्रव सोडतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर पकडलेला पाय शत्रूच्या हाती सोडून निघून जातो. तो पाय पुन्हा उगवत नाही.

ह्या शेवटच्या सवयीचा आमच्या कामाशी निकटचा संबंध आहे. झाडाच्या खोडावरून ओघळणाऱ्या राळेत पाय रुतला की तो तोडून पळ काढणारे हार्वेस्टमन त्या जंगलात पुष्कळ असले पाहिजेत, कारण अंबराच्या कित्येक खड्यांत धनी नाहीच, नुसता पाय आहे. शेवटच्या भागात पुष्कळ बारीक खंड असलेला, केसासारखा लांब असा एकाकी पाय हार्वेस्टमनचा आहे एवढे खात्रीने सांगता येते. त्यापलीकडे काही सांगणे बहुधा आपल्या अखत्यारात नसते. ज्याला ही मर्यादा पाळता येत नाही त्याने ह्या क्षेत्रात येऊ नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

बाल्टिक अंबर हे इओसीन काळातील, ढोबळ मानाने चार कोटी वर्षांच्या आसपासचे. त्याची घनता पाण्याहून किंचितच अधिक असल्यामुळे वादळानंतर समुद्र ते सहज किनाऱ्यावर आणून टाकतो. पण व्यापाराचा मोठा भाग कालिनिनग्राद प्रांतातील यांतार्नी येथील खाणीतून, निळी माती ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरातून येतो. मागणी आली की नकलाही आल्या. म्हणून नवा खडा टेबलावर आला म्हणजे आतल्या प्राण्याकडे पाहण्याचा मोह आवरून प्रथम खड्याचीच खातरजमा करावी, असा शिरस्ता आहे. दाट मिठाच्या पाण्यात खरे अंबर तरंगते आणि बेकेलाइटसारखे कृत्रिम पदार्थ तळाशी जातात. कोपल म्हणजे अलीकडच्या काळातली, पुरती न पिकलेली राळ. तिच्या पृष्ठावर ॲसिटोनचा थेंब ठेवला तर ती चिकट होते. ह्याहून विश्वासार्ह साक्ष अवरक्त किरणांच्या वर्णपटाची, कारण बाल्टिक अंबराचा त्या आलेखातला एक खांद्यासारखा सपाट भाग अन्य कोणत्याही राळेत सहसा दिसत नाही. आणि प्राण्याच्या आजूबाजूला ओकच्या फुलोऱ्यावरचे तारकाकृती केस विखुरलेले दिसले की मन बरेचसे निश्चिंत होते, इतके ते बाल्टिक अंबराशी निगडित आहेत.

मग घासणी सुरू होते. बाहेरून गोटीसारखा दिसणारा खडा आतल्या प्राण्याला वेडावाकडा करून दाखवतो, आणि म्हणून प्राण्याच्या शक्य तितके जवळ व समांतर असे एक सपाट गवाक्ष तयार करावे लागते. ओल्या पॉलिश कागदावर खडा फिरवायचा, दर थोड्या वेळाने धुऊन भिंगाखाली पाहायचा, कागद क्रमाक्रमाने बारीक करीत न्यायचा आणि शेवटी मऊ चामड्यावर त्याला झळाळी आणायची. ह्या साऱ्यात बोटांना उष्णता जाणवू लागली की थांबायचे, कारण तापलेल्या अंबरात चिरा जातात. मला हे काम ज्यांनी शिकवले ते तांत्रिक विभागातील वयोवृद्ध गृहस्थ फार मितभाषी होते. हात चालू असताना ते कागदाचा आवाज ऐकत आणि आवाज किंचित कोरडा झाला की न पाहताच म्हणत, "पाणी." पृष्ठभाग सपाट झाल्यावरही उरलेले बारीक ओरखडे प्रकाश विखरून टाकतातच, त्यावर त्यांचा उपाय होता साखरेच्या दाट पाकाचा. पाकाचा एक थेंब गवाक्षावर ठेवायचा आणि त्यावर काचेची पातळ चकती हलकेच टेकवायची. पाकाचा वक्रीभवनांक अंबराच्या पुष्कळ जवळचा असल्यामुळे ओरखडे डोळ्यांदेखत नाहीसे होतात आणि जिथे नुसता करडा गोळा दिसत होता तिथे पायांवरच्या काट्यांची रांग उभी राहते. कितीही वेळा केले तरी ह्या क्षणाची गोडी माझ्यापुरती कमी झाली नाही.

बाल्टिक खड्यांत आणखी एक अडचण असते. मेलेल्या शरीरातून कुजण्याच्या क्रियेत निघालेला ओलावा व वायू राळेत मिसळून असंख्य सूक्ष्म बुडबुडे होतात आणि प्राण्याच्या एका बाजूवर दुधाळ पांढरा ढग साचतो. पुष्कळदा नेमकी पोटाकडची बाजूच ह्या ढगाखाली जाते, आणि हार्वेस्टमनच्या बाबतीत तिथली रचना फार मोलाची. काही व्यापारी दाब व उष्णता देऊन खडे निवळवतात. खडा देखणा होतो आणि आतला प्राणी होरपळून करपतो. संशोधकाला त्यापेक्षा ढग बरा. अलीकडे क्ष-किरणांच्या सूक्ष्म छेदचित्रणामुळे ढगाच्या आतले पाहण्याची सोय झाली आहे, आणि फ्रान्समधील ग्रनोबल येथल्या सिंक्रोट्रॉनसारख्या प्रचंड यंत्रांनी तर अपारदर्शक अंबरही खुले केले आहे. तथापि कागद, पेन्सिल आणि सूक्ष्मदर्शकावर बसवलेली रेखननळी ह्यांवाचून माझे कोणतेही काम पुरे झाले नाही. चित्र काढताना प्रत्येक रेघेपाशी आपण हे खरोखर पाहिले काय, असा सवाल हाताला विचारावा लागतो. छायाचित्र तो सवाल विचारीत नाही.

ओळख पटवण्याचा क्रम वरून खाली येतो. हार्वेस्टमनचे आज चार उपगण मानतात, आणि खडा हाती आला म्हणजे पहिला प्रश्न त्यांपैकी कोणता हा. सायफोफ्थाल्मी उपगणातले प्राणी दोन-तीन मिलिमीटरांचे, आखूड पायांचे, पालापाचोळ्यात राहणारे. नवख्या माणसाला ते गोचिडांच्या जातीचे वाटतात, पण त्यांच्या वासाच्या ग्रंथी दोन लहान शंकूंच्या टोकाशी उघडतात आणि ते शंकू दिसले की संशय फिटतो. लॅनिआटोरीस उपगणातल्यांच्या तोंडाजवळच्या स्पर्शपादांवर बहुधा भक्कम काटे असतात आणि मागच्या दोन जोड्यांच्या पायांना दुहेरी किंवा फाटे फुटलेली नखरी असते. यूप्नॉई आणि डिस्प्नॉई ह्यांच्या पायांना प्रत्येकी एकच नखरी. ह्या दोघांतला भेद स्पर्शपादांवरून करता येतो, कारण डिस्प्नॉईंच्या स्पर्शपादाचे टोक जवळजवळ निशस्त्र असते आणि त्यांतल्या पुष्कळांना भक्ष्य चिकटवण्याचे ग्रंथियुक्त केस असतात. म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याएवढी एक नखरी दुहेरी आहे की एकेरी, ह्यावर पुढच्या सगळ्या चौकशीची दिशा ठरते. पाय वळून नखरी आडवी झाली असेल तर एकीच्या मागे दुसरी दडलेली आहे की काय हे ठरवण्यात माझी अख्खी दुपार गेलेली आहे.

काही प्राणी इतके उदार असतात की त्यांना ओळखायला श्रमच पडत नाहीत. डिक्रॅनोपॅल्पस रॅमिजर ह्या बाल्टिक जातीच्या स्पर्शपादाला फाटा फुटून तो काट्या-चमच्यासारखा दुहेरी दिसतो, आणि ह्याच प्रजातीची आजची एक जात दक्षिणेकडून हळूहळू युरोपच्या उत्तर भागात पसरत आली असून शहरांतल्या भिंतींवर दोन्ही बाजूंना पाय एकत्र ताणून बसलेली दिसते. सॅबॅकॉन क्लॅव्हिजरचे स्पर्शपाद सुजल्यासारखे जाड व केसाळ. त्याचे जिवंत आप्त हिमालयात, विशेषतः नेपाळात, भरपूर आहेत. आणि कॅडो डेंटिपॅल्पस हा तर मला सर्वांत प्रिय. देह जेमतेम दोन मिलिमीटरांचा, आणि त्यावर दोन डोळे एवढे विशाल की पाठीचा पुढचा सबंध भाग त्यांनीच व्यापलेला. खडा योग्य कोनात धरला तर त्या डोळ्यांच्या काचेसारख्या पृष्ठावर दिव्याचे प्रतिबिंब उमटते. आज ही प्रजाती पूर्व उत्तर अमेरिकेत आणि जपानात आढळते, मधल्या विस्तीर्ण भूभागात तिचा पत्ता नाही. चार कोटी वर्षांपूर्वी ती युरोपात नांदत होती हा दाखला ह्या खड्यांवाचून कुणाला देता आला असता? दोन टोकांना उरलेल्या एका जुन्या आणि अखंड प्रदेशाची हद्द ह्या इवल्याशा प्राण्यांनी आपल्याला आखून दिली आहे.

बेरेंट आणि कोख ह्यांच्या ग्रंथातल्या एका नावाची कहाणी येथे सविस्तर सांगण्याजोगी आहे. काटेरी स्पर्शपादांचा एक हार्वेस्टमन त्यांना बाल्टिक अंबरात आढळला आणि त्यांनी त्याला गोनिलेप्टीस ह्या प्रजातीत घालून गोनिलेप्टीस नेमास्टोमॉइडीस असे नाव दिले. गोनिलेप्टीस ही दक्षिण अमेरिकेतली प्रजाती. त्या काळी काटेरी स्पर्शपादांचे जे हार्वेस्टमन युरोपीय पंडितांना माहीत होते त्यांत तिचा मान मोठा, आणि वर्गीकरणाचे खणही थोडेच होते, त्यामुळे कोख ह्यांनी जे केले ते त्यांच्या वेळच्या ज्ञानाला धरूनच होते. परंतु त्या एका नावामुळे दक्षिण अमेरिकेतला प्राणी बाल्टिकच्या जंगलात असल्याची नोंद दप्तरी लागली आणि दीड शतक तशीच राहिली. २००५ साली उबिक व डनलॉप ह्यांनी त्या प्राण्याची बारकाईने फेरतपासणी करून दाखवून दिले की त्याचे खरे नाते आल्प्स व बाल्कन भागात आजही राहणाऱ्या होलोस्कोटोलेमॉनशी आहे, आणि त्याच्यासाठी प्रोहोलोस्कोटोलेमॉन ही नवी प्रजाती उभारली. दक्षिण अमेरिका निकालात निघाली. प्राणी आपल्या घरच्या मुलखात परत आला.

माझे वडील रत्नागिरीच्या भूमापन कार्यालयात नोकरीला होते. सुटीत घरी गेले असता ही हकीकत मी त्यांना सांगितली. आप्पांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारले, "मग त्या जुन्या नावाचं केलंत काय? खोडलंत?"

"नाही आप्पा. जातीचं नाव नेमास्टोमॉइडीस तेच राहिलं. प्रजाती बदलली, म्हणून पुढे कोख आणि बेरेंट ही नावं आणि १८५४ हे साल कंसात लिहायचं."

"म्हणजे फेरफार झाला," ते समाधानाने म्हणाले. "आमच्यातही नाव खोडीत नाहीत, कंस करतात."

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर हक्क संपलेल्या खातेदाराच्या नावाला कंस पडतो आणि त्याशेजारी फेरफाराचा क्रमांक येतो, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. पण प्राणिशास्त्रातल्या कंसाकडे मी त्या दृष्टीने कधी पाहिले नव्हते. भेद एवढाच की उताऱ्यावरच्या कंसाने माणसाचा हक्क जातो आणि आमच्या कंसाने तो कायम होतो. ज्याने प्रथम पाहिले, त्याचे पाहणे मान्य. त्याने जोडलेले नाते मात्र पुढच्या पुराव्याने दुरुस्त केले, असा त्या दोन अर्धवर्तुळांचा मजकूर आहे. शास्त्राच्या नोंदीत मागच्या माणसाचा एवढा मान राखण्याची सोय असावी, ही मला फार थोर गोष्ट वाटते. पुढे आप्पांनी मोजणीतला एक जुना दंडक सांगितला: बांध जागेवर जिथवर दिसतो तिथवरच नकाशात रेघ सलग ओढायची, पुढे तो असावा असे कितीही वाटले तरी तुटक रेघेवरच थांबायचे. माझ्या कामाचे सार ह्याहून नेमके मला कुणी सांगितलेले नाही.

कारण खड्यातल्या हार्वेस्टमनला जातीपर्यंत नाव देणे हे पुष्कळदा खरोखर अशक्य असते. आजच्या जिवंत जातींचे भेद बहुतांशी नराच्या जननेंद्रियावरून ठरवतात. अष्टपादांत ह्या गणाचे हे वैशिष्ट्यच आहे की सायफोफ्थाल्मी सोडता बाकीच्या नरांना खरेखुरे शिश्न असते, आणि त्याची घडण जातीजातींत निराळी. परंतु विश्रांतीच्या अवस्थेत ते शरीरात मिटलेले राहते, आणि राळेत बुडालेला प्राणी ते बाहेर काढून दाखवील अशी अपेक्षा धरता येत नाही. त्यात खड्यांतले कितीतरी प्राणी बालवयाचे, ज्यांच्यात प्रौढपणीची लक्षणे उमटलेलीच नसतात. म्हणून चिठ्ठीवर कधी 'ओपिलिओनीस, उपगण अनिश्चित', कधी 'डिस्प्नॉई, अल्पवयीन' एवढेच लिहावे लागते. एक हौशी संग्राहक आपला खडा घेऊन आले होते. जातीच्या नावाने खड्याची किंमत वाढते, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. मी कुळापर्यंत दाखला दिला आणि पुढे काही लिहिण्यास नकार दिला. ते नाराज होऊन गेले. परंतु तो नकार माझ्या लेखी त्या प्राण्याच्या वतीने दिलेला होता, आणि त्याबद्दल मला आजही खंत नाही. चुकीच्या नावाने एकदा दप्तरात शिरलेला प्राणी बाहेर काढायला दीडशे वर्षे लागू शकतात, हे नेमास्टोमॉइडीसने शिकवलेच आहे.

ह्या नियमाला एक विलक्षण अपवाद ब्रह्मदेशातून आला. काचिन प्रांतातल्या हुकाँग खोऱ्यातले अंबर बाल्टिकपेक्षा दुपटीहून जुने. त्याच्या आजूबाजूच्या ज्वालामुखीजन्य खडकातील झिरकॉनच्या स्फटिकांवरून त्याचे वय ९ कोटी ८८ लाख वर्षांच्या आसपास ठरले आहे. रत्नागिरीच्या माणसाला ब्रह्मदेश परका नाही. १८८५ च्या युद्धात पदच्युत झालेला थिबा राजा आमच्याच गावी स्थानबद्ध होता आणि टेकडीवरचा त्याचा वाडा पाहत आम्ही वाढलो. त्याच युद्धाने वरचा ब्रह्मदेश इंग्रजांच्या अमलाखाली आला, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नोएटलिंग ह्यांनी तिथल्या अंबराची माहिती सरकारी अहवालांतून प्रसिद्ध केली, आणि थिबाने ज्या १९१६ साली देह ठेवला त्याच साली कॉकरेल ह्यांनी ह्या अंबरातील कीटकांचे पहिले वर्णन छापले. त्यातला हार्वेस्टमन मात्र बराच उशिरा, २००५ मध्ये, जिरिबेट व डनलॉप ह्यांनी हॅलिथर्सीस ग्रिमाल्डी ह्या नावाने नोंदवला; मध्यजीव महाकल्पातला नीट ओळखू आलेला तो पहिलाच. आणि २०१६ साली डनलॉप, सेल्डन व जिरिबेट ह्यांनी त्याच प्रजातीचा एक असा नर प्रसिद्ध केला की ज्याचे इंद्रिय पूर्णपणे बाहेर आलेले होते, बहुधा राळेतून सुटण्याच्या धडपडीत शरीरातल्या द्रवाचा दाब वाढल्यामुळे. सडपातळ दांडा, टोकाशी चपटा झालेला; त्यापुढे बदामाच्या आकाराचा भाग आणि त्याचे वळलेले अग्र: सगळे तपशील स्वच्छ.

ज्या पुराव्याची अंबरात कोणी आशा धरीत नाही तो हाती आला, आणि त्याने काय सांगितले? जिवंत असलेल्या कोणत्याच कुळाशी हे इंद्रिय जुळत नाही, असे सांगितले. संशोधकांनी मग हॅलिथर्सिडी हे स्वतंत्र, लयाला गेलेले कुळ मानले. तो निबंध प्रथम वाचताना मला सर्वांत भावली ती ही गोष्ट. इतका भरभक्कम दस्तऐवज समोर असताना ओळखीच्या एखाद्या कुळात प्राण्याला बसवून टाकण्याची ओढ किती प्रबळ असेल! पुराव्याने 'नाही' म्हटले, आणि त्यांनी ते 'नाही' तसेच नोंदवले.

ब्रह्मदेशाच्या अंबरातलेच आणखी एक प्रकरण आपल्याकडच्या माणसांपर्यंत येऊन पोचते. पॅलिओसिरो बर्मानिकम हा सायफोफ्थाल्मी उपगणातला जीवाश्म पॉइनार ह्यांनी २००८ मध्ये वर्णिला, तेव्हा तो सिरोनिडी कुळात, म्हणजे युरोप-अमेरिकेत राहणाऱ्यांच्या पंक्तीत घातला गेला. नंतरच्या विचारात त्याचे स्थान स्टायलोसेलिडी ह्या आग्नेय आशियाई कुळात मानले गेले. ह्या कुळाची व्याप्ती आपल्या ईशान्य सीमेपर्यंत आहे हे पक्केपणाने दाखवणाऱ्या कामात जिरिबेट आणि शर्मा ह्यांच्या बरोबरीने पुण्याच्या भारतीय प्राणि सर्वेक्षण विभागातले बस्तवडे होते. ईशान्येतून मिळालेल्या प्राण्यासाठी २००७ साली त्यांनी उभारलेल्या नव्या प्रजातीचे नावच मेघालय असे आहे. दगडाखालच्या ओल्या मातीतून चाळणीने काढलेले हे दोन मिलिमीटरांचे जीव कुणी जमवून ठेवले नसते, तर जवळजवळ दहा कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याला शेजारी कोण हे कशावरून ठरवणार होतो? जीवाश्माची रुजवात जिवंताशीच घालावी लागते. दुसरा मार्ग नाही.

ब्रह्मदेशाच्या खड्यांविषयी एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिलीच पाहिजे. २०१७ च्या जूनमध्ये तिथल्या सैन्याने हुकाँग खोऱ्यातल्या खाणींचा ताबा घेतला, हजारो माणसांना घरदार सोडावे लागले, आणि त्यानंतर बाजारात आलेल्या अंबराचा पैसा कुणाच्या हाती गेला हा प्रश्न दृष्टीआड करता येत नाही. पृष्ठवंशी जीवाश्मांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० साली अशा खड्यांवर काम तहकूब ठेवण्याचे आवाहन केले. ह्यावर दोन मते आहेत, आणि दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही, म्हणजे जे बाहेर आले ते अभ्यासाविना खासगी दागिन्यांत जाऊ नये, मला समजते. मी स्वतः जून २०१७ नंतरचा आणि ज्याच्या मालकीची साखळी कागदोपत्री लागत नाही असा खडा टेबलावर घेत नाही. राळेतल्या प्राण्याच्या नखरीबद्दल जर मी पुरावा मागते, तर खडा कुठून आला ह्याबद्दल तो न मागणे मला शक्य नाही.

आता माझे लक्ष पुष्कळसे आपल्याकडे लागले आहे. सुरत जिल्ह्यातील वस्तान येथल्या लिग्नाइटच्या खाणीत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे, सालाच्या कुळातील वृक्षांच्या राळेचे अंबर सापडते, आणि २०१० साली भारतीय, जर्मन व अमेरिकन संशोधकांनी मिळून त्यातले विपुल प्राणी जगापुढे मांडले. त्या थरातून हार्वेस्टमनचा एखादा खडा माझ्यासमोर आला, तर त्याचा मुकाबला कशाशी करणार? सह्याद्रीतल्या जिवंत हार्वेस्टमनांची बरीच नावे अजून रोएवर ह्यांच्या १९२३ च्या महाग्रंथावर आणि त्याच काळातल्या वर्णनांवर उभी आहेत. पाठीवरचे काटे आणि पायांचे खंड मोजून केलेली ती विभागणी पुष्कळ ठिकाणी कृत्रिम ठरली आहे आणि अनेक जातींच्या नरांची चित्रे कधी काढलीच गेलेली नाहीत. म्हणून गेले काही पावसाळे मी रजा घेऊन आंबोलीच्या घाटात काढते आहे. जांभ्या दगडाच्या ओल्या कपारीत ते शेकड्यांनी एकमेकांत पाय गुंतवून बसलेले असतात. जवळ गेले की सबंध समूह एका लयीत वरखाली झुलू लागतो आणि हवेत त्यांचा उग्र वास पसरतो. त्यातला एखादा सुटून बाहेर पडतो, दुसऱ्या जोडीचे पाय पुढे पसरून एकेक टोक दगडावर टेकवून पाहतो, आणि मग चालतो. बाल्टिक खड्यांतले कित्येक प्राणी नेमक्या ह्याच पवित्र्यात आहेत. आम्ही थोडेसेच नमुने अल्कोहोलात घेतो, ठिकाण, उंची आणि तारीख चिठ्ठीवर लिहितो, आणि रात्री विश्रामगृहाच्या टेबलावर नरांची चित्रे काढायला बसतो. पुण्याचे दोन विद्यार्थी सोबत असतात. त्यांतल्या मुलीचा हात रेखननळीवर माझ्यापेक्षा स्थिर आहे, आणि येत्या आषाढात राधानगरीच्या बाजूचे काम मी तिच्यावरच सोपवले आहे.